दीड पानाचं वादळ

पप्पा पियानोखाली पाठीवर झोपले होते. बाहेर दिसत होते ते फक्त त्यांचे पाय, आणि डाव्या चपलेचा तारेनं बांधलेला अंगठा. वर स्टुलावर मी, आणि माझ्या खांद्याशी आढावबाई उभ्या.

"दाबा बाई आता," खालून आवाज आला.

बाईंनी मला खुणावलं. मी पेडल दाबलं. ते आधी कुरकुरलं, मग चांगलं ताठ होऊन वर आलं.

"शमुवेल, हे टिकेल ना? परवा रविवार आहे."

"जीपच्या क्लचची स्प्रिंग आहे बाई. पियानो मोडेल, ही नाही मोडायची."

"सुकृता, वाजव," बाई म्हणाल्या.

मी वाजवलं. दीड पानाचा तुकडा. पहिल्या सुरापासून शेवटपर्यंत एक मिनिट वीस सेकंद. कोणत्या संगीतकाराचा, ते मी मुद्दाम सांगत नाही, त्या बिचाऱ्याचा यात काही दोष नाही. डावा हात पहिल्यापासून धडाधड चालू होतो तो थांबतच नाही, आणि उजवा हात वरून खाली कोसळत राहतो. वाजवायला अवघड, पण अशक्य नव्हे. मी एकही चूक न करता वाजवलं.

"झालं तुझं लोकर विणून?" बाई म्हणाल्या.

"चूक कुठे झाली बाई?"

"चूक नाही झाली हेच तर दुखणं आहे. एक सुई वर, एक सुई खाली. अगं, वादळ आहे ते! हे बघ." त्यांनी मला बाजूला सारलं, पण वाजवलं नाही. नुसते हात पट्ट्यांवर ठेवले. "डावा हात दार ठोठावतोय. ऐकू येतंय? दार उघडा, दार उघडा. आणि उजवा हात आत बसलाय, कडी लावून. तो काय म्हणतोय?"

"काय?"

"म्हणतोय, घरात कोणी नाही. बोंबलून सांगतोय, घरात कोणी नाही."

मला काही समजलं नाही. मी एकोणीस वर्षांची होते, मला दार ठोठावायचीही वेळ आली नव्हती आणि आतून कडी लावायचीही. मी मान डोलावली.

"तुम्ही वाजवून दाखवा ना बाई."

"मी हे वाजवत नाही," बाई म्हणाल्या, आणि विषय तिथेच संपला.

पप्पा खालून सरपटत बाहेर आले. केसांत जाळी, सदऱ्याला ग्रीस. "बाई, मला अडाण्याला एक सांगू? हे संपतं ना, तेव्हा आमेन म्हणावंसं वाटतं बघा."

बाईंच्या कपाळाला आठी पडली. मी मात्र शरमेनं लाल झाले, कारण ते खरंच होतं. आमच्या ख्रिस्ती मंडळीची रीत अशी की गीत संपलं की वाजवणाऱ्यानं शेवटी दोन कॉर्ड वाजवायचे, म्हणजे चारपाच सूर एकदम, आणि त्यावर सगळ्यांनी लांब सूर लावून 'आमेन' म्हणायचं. पाळण्यातल्या पोरालाही ते पाठ. या तुकड्याचे शेवटचे दोन कॉर्ड थेट त्याच वळणाचे होते, फक्त रडवेले.

"पप्पा, रविवारी लोकांत म्हणू नका हं असलं काही."

"अगं नाही गं बाई. मी काय येडा आहे?"

पप्पा लष्कराच्या गाड्यांच्या वर्कशॉपात फिटर होते. मी पाच वर्षांची असताना आई गेली, तेव्हापासून माझ्या वेण्या घालण्यापासून भाकरी थापण्यापर्यंत सगळं त्यांनीच केलं. नगरच्या आमच्या कंपाउंडातल्या देवळातला, म्हणजे चर्चमधला, तो पियानो अमेरिकन मिशनच्या मिस टॉलमन जाताना मागे ठेवून गेल्या होत्या. त्याच्या आतल्या हातोड्यांचं नमद्याचं कापड कसरीनं खाल्लं तेव्हा पप्पांनी स्वतःचा एकुलता एक लोकरी कोट कापून अठ्ठ्याऐंशी तुकडे चिकटवले होते, आणि ते तीन हिवाळे घोंगडी पांघरून कामावर गेले. म्हणजे मी वाजवत होते ते माझ्या बापाच्या कोटावर. पण एकोणिसाव्या वर्षी असल्या गोष्टीचं कौतुक नसतं, लाज असते.

रविवारी सुगीची उपासना होती. सन एकोणीसशे सत्तर, नोव्हेंबर. त्या दिवशी मुंबईचे कॉन्ट्रॅक्टर नावाचे पारशी गृहस्थ माझं वाजवणं ऐकायला येणार होते. जर्मनीतल्या एका संगीत विद्यालयानं आमच्या सगळ्या मंडळ्यांमधून एकाच विद्यार्थ्याला दोन वर्षं शिकायला बोलावलं होतं, आणि तो कोण ते ठरवायचं या कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनी. पुणं, सोलापूर, मिरज करून ते शेवटी आमच्याकडे येत होते. एक तुकडा, एकदाच. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की मी जेवताना टेबलावर बोटं वाजवायचे आणि पप्पा आपलं ताट हलू नये म्हणून धरून बसायचे.

आणि माझ्याहून जास्त घाई बाईंना होती. कंपाउंडात सगळ्यांना ठाऊक होतं की बाईंचंही असंच एकदा ठरलं होतं. सेहेचाळीस साली, त्या वीस वर्षांच्या असताना, मिस टॉलमन त्यांना अमेरिकेला घेऊन जाणार होत्या. बोटीचं तिकीटही आलं होतं म्हणे. मग ते मोडलं. का मोडलं, ते कोणाला माहीत नव्हतं. आईचं आजारपण म्हणत, पण बाईंची आई पुढे वीस वर्षं ठणठणीत जगली. बाईंनी लग्न केलं नाही. चोवीस वर्षं त्या पोरींना पियानो शिकवत राहिल्या आणि त्यांतली एकही कुठे गेली नाही. माझ्यावर त्यांनी अकरा वर्षं मेहनत घेतली होती.

शनिवारी संध्याकाळी शेवटची तालीम झाली. मी तीनदा वाजवलं. तिन्हीदा लोकर विणली.

बाई खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. "तुला कधी कोणाचा राग आलाय का गं?"

"येतो की. परवाच वत्सलाचा आला होता, तिनं माझी..."

"जा घरी," त्या म्हणाल्या. "सुखी घरातली पोर तू. बापानं तळहातावर वाढवलीय. तुझ्याकडून हे व्हायचं नाही."

मी रडत घरी गेले. पप्पांनी अंड्याचं कालवण केलं होतं. "राहू दे," ते म्हणाले, "नाही नेलं तर नाही नेलं. मी आहे ना." मला त्यांच्या त्या 'मी आहे ना'चाही तेव्हा वैताग आला.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. वेदीपाशी ज्वारीची कणसं, डांगर, ऊस, आणि एका बाजूला पाय बांधलेल्या कोंबड्या, कारण उपासनेनंतर त्या सगळ्याचा लिलाव. प्रवचन चालू असताना बाईंनी मला खुणेनं पाळकसाहेबांच्या खोलीत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

"बस. तुला एक सांगायचंय. अकरा वर्षं सांगितलं नाही."

मी बसले.

"माझं अमेरिकेचं कशानं मोडलं ठाऊक आहे?"

"आजीबाई आजारी होत्या ना?"

"आजीबाईंना काय धाड भरली होती! पत्र गेलं होतं. मिस टॉलमन उन्हाळ्यात महाबळेश्वरला होत्या, त्यांच्याकडे. माझ्या चालचलणुकीबद्दल. असली मुलगी नेऊ नका, बदनामी होईल, असं. मिसनं मला तोंडही दाखवलं नाही नंतर." बाईंचा आवाज अगदी सरळ होता, बाजारची यादी सांगावी तसा. "नगरपासून महाबळेश्वरपर्यंत ते पत्र हातोहात कोणी नेऊन दिलं, विचार."

"कोणी?"

"तुझ्या बापानं."

मी हसले. खरंच हसले. "काहीतरीच काय बाई! पप्पा?"

"जा, विचार त्याला. देवळामागे आहे, सुटलेली कोंबडी धरतोय. पत्र तू नेलंस का, एवढंच विचार. तो खोटं बोलत नाही."

मी गेले. पप्पा देवळामागे सुटलेली एक कोंबडी पुन्हा बांधत होते. अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा, माझ्यासाठी घातलेला.

"पप्पा, आढावबाईंचं अमेरिकेला जायचं होतं तेव्हा महाबळेश्वरला मिसकडे पत्र तुम्ही नेलं होतं?"

त्यांचे हात थांबले. कोंबडी फडफडली.

"कोण म्हणालं?"

"नेलं होतं का?"

आतून पाळकसाहेबांचा आवाज येत होता, पेरणी आणि कापणीबद्दल काहीतरी.

"नेलं होतं," पप्पा म्हणाले.

"आत काय लिहिलंय ते माहीत होतं तुम्हांला?"

"होतं."

"आणि तरी नेलंत?"

"नेलं."

"का? पप्पा, का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. "ज्याचं पत्र त्यानं बोलावं बेटा. मला बोलता येत नाही."

चोर तो चोर आणि वर शिरजोर, असं वाटलं मला. ज्या बाईनं मला अकरा वर्षं शिकवलं, तिचं आयुष्य या माणसानं बसभाडं खर्चून जाऊन मोडलं, आणि मग त्याच बाईच्या पियानोखाली झोपून स्प्रिंगा बसवतोय! कोट कापतोय! मला वाटलं, तो कोट म्हणजे पापाची फेड होती. सगळं जुळलं. एकोणिसाव्या वर्षी सगळं फार लवकर जुळतं.

"माझ्याशी बोलू नका," मी म्हटलं.

मी आत गेले. उपासना संपली होती. पाळकसाहेबांनी माझं नाव घेतलं. पहिल्या बाकावर कॉन्ट्रॅक्टरसाहेब, डगल्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. मी बसले आणि डाव्या हातानं सुरुवात केली.

काय सांगू! मी वाजवलंच नाही ते, मी ते मारलं. डावा हात धडाधड चालला आणि मला वाटलं, पप्पा पट्ट्यांखाली आहेत. दार उघडा, काय केलंत, का केलंत. उजवा हात वरून कोसळत होता तिकडे माझं लक्षही नव्हतं. पेडल पायाखाली ताठ होतं, जेवढा जोर लावावा तेवढं घेत होतं. वेदीपाशी कोंबड्या ओरडायला लागल्या आणि कोणीतरी लहान पोर रडलं. मी थांबले नाही. शेवटचे दोन कॉर्ड मी दोन्ही हातांनी खांद्यातून दाबले आणि पेडल धरून ठेवलं. सगळं देऊळ गप्प.

आणि त्या शांततेत, अगदी मागून, एकटा एक बसका आवाज आला, लांब सूर लावून.

"आ...मेन."

पप्पाच. सवयीनं गेलं त्यांच्या तोंडून. आधी एक पोरगी फिस्सकन हसली, मग सगळ्या बाकांवर हसू पसरलं. कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनीही रुमालात तोंड लपवलं. मी वळून पाहिलं. पप्पा दारात उभे होते, हातात ती कोंबडी, आणि ते हसणाऱ्यांकडे नाही, माझ्याकडे बघत होते. मला त्या क्षणी त्यांचा इतका तिरस्कार वाटला की मी मान फिरवली.

साहेब उठून माझ्याजवळ आले. "डिकरी, पुण्यात एक पोरगी तुझ्यापेक्षा साफ वाजवते. पण गुस्सा नाही तिच्याकडे. तुझ्याकडे गुस्सा आहे. गुस्सा शिकवता येत नाय." त्यांनी बाईंचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. बाई रडत होत्या. चोवीस वर्षांत त्यांना रडताना कोणी पाहिलं नव्हतं.

चार महिन्यांनी मी गेले. पप्पा स्टेशनवर आले होते. फलाटावर बाईंच्या गळ्यात पडून मी रडले आणि पप्पांना नुसता नमस्कार केला. ते म्हणाले, "थंडी असते तिकडे, कान झाक." एवढंच.

जर्मनीचं फार सांगण्यासारखं नाही. माझ्यासारख्या पोरी तिथे गल्लोगल्ली होत्या. माझ्या प्रोफेसरबाईंनी पहिल्याच दिवशी तो तुकडा ऐकून विचारलं, "डावा हात उत्तम. उजवा कुठे आहे?" दोन वर्षं त्या तेच विचारत राहिल्या. मी प्रमाणपत्राचा कागद घेऊन परत आले, पुण्यात कॅम्पातल्या एका शाळेत लागले आणि लहान मुलांना 'बोटं गोल धरा' सांगायला लागले. ते मी पस्तीस वर्षं सांगितलं.

दर नाताळला मी नगरला जायचे. आढावबाईंकडे. केक घेऊन जायचे, रात्री राहायचे. पप्पांचं घर तिथून पन्नास पावलांवर होतं. तिथेही जायचे, नाही असं नाही, पण दहा मिनिटं, खुर्चीच्या कडेवर बसून. बरे आहात का, बरा आहे, चहा घे, नको. ते कधी काही बोलले नाहीत. मी विचारलंही नाही.

एकदा ते पुण्याला आले. एकोणऐंशी साल असेल, रविवारची दुपार. मी जुन्या बाजारातून एक पियानो घेतला होता, तो वाजवत होते. दार वाजलं. मग खोकला ऐकू आला आणि मला समजलं कोण ते. मी हात मांडीवर घेऊन बसून राहिले. दार पुन्हा वाजलं, तीनदा. शेजारच्या पिंटोआंटी बाहेर आल्या असाव्यात, कारण त्यांचा आवाज आला, "आहे हो ती आत, आत्ता वाजवत होती!"

"नाही, नसेल," पप्पा म्हणाले. "घरात कोणी नाही. गेली असेल बाहेर."

जिन्यावरून ते एकेक पायरी मोजून घ्यावी इतक्या सावकाश उतरले. नंतर मी दार उघडलं तर उंबऱ्यावर भुईमुगाच्या शेंगांची पिशवी होती, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक स्प्रिंग. पियानो घेतल्याचं कोणाकडून तरी कळलं असणार त्यांना. शेंगा मी पिंटोआंटींना दिल्या आणि स्प्रिंग भंगारवाल्याला.

शहाऐंशी साली पप्पा गेले. मी मातीला गेले. पाळकसाहेब म्हणाले, तू वाजव. मी म्हटलं, मनगट दुखतंय. गीतं पियानोशिवायच म्हटली मंडळीनं.

मग दोन हजार नऊ. मंडळीच्या कसल्याशा जयंतीसाठी अमेरिकेहून मिस टॉलमनच्या भाचीनं जुन्या कागदांचा एक खोका पाठवला. त्यात मराठीतली पत्रंही होती. मिसना मराठी उत्तम यायची. ती वाचून निवडायचं काम पाळकांनी माझ्यावर सोपवलं. मी तेव्हा नुकतीच निवृत्त झाले होते, बरं झालं म्हटलं, वेळ जाईल. तिसऱ्याच दिवशी एक पत्र हाती आलं. मे एकोणीसशे सेहेचाळीस. अक्षर मी आंधळी असते तरी ओळखलं असतं, माझ्या सगळ्या वह्यांवर होतं ते.

'प्रिय मिस, मी येणार नाही. मंडळीच्या पंचांना मी आईच्या आजारपणाचं कारण सांगणार आहे, पण तुम्हांला खोटं लिहवत नाही. मला भीती वाटते. इथे माझ्यासारखं वाजवणारं दुसरं कोणी नाही. तिथे मी कोण? दोन रात्री मी कडी लावून बसले आहे. हे पत्र शमुवेलच्या हाती पाठवते. मी त्याला ते वाचून दाखवलं, तेव्हा तो नेईनाच, म्हणाला पुन्हा विचार कर, मी स्टेशनावर सोडायला येतो. शेवटी मी रडले तेव्हा तयार झाला. यात काय आहे ते जन्मात कोणाला सांगणार नाही म्हणून मी त्याला बायबलवर हात ठेवायला लावला आहे. तो सांगणार नाही. आपली, इंदुमती.'

मी ते किती वेळा वाचलं कोण जाणे. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात ना, तसं ते पत्र माझ्या हातात आलं होतं. पप्पांना जाऊन तेवीस वर्षं झाली होती. दुसऱ्या दिवशी पहिल्या बसनं मी नगरला गेले.

बाई त्र्याऐंशीच्या होत्या. त्याच दोन खोल्या, खिडकीशी खुर्ची. मला बघून खूश झाल्या. "अगं, नाताळ कुठे आहे आत्ता?"

मी पत्र त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, पहिली ओळ वाचली आणि काढून ठेवला.

"मिसनं फाडलं नाही तर," त्या म्हणाल्या.

"चालचलणुकीचं पत्र कोणतं बाई? ते दुसरं होतं का?"

"दुसरं कुठलं? हेच."

"तुम्ही खोटं बोललात माझ्याशी."

"हो."

त्या 'हो'नं माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मला वाटलं होतं रडतील, हात धरतील. "आणि पप्पा तोंड उघडणार नाहीत हे तुम्हांला ठाऊक होतं!"

"शमुवेलनं मला शब्द दिला होता. तो शब्दाचा पक्का होता." त्यांनी पत्राची घडी घातली. "त्या रविवारी माझ्याकडे दहा मिनिटं होती सुकृता. त्या दहा मिनिटांत तुला राग कुठून आणून देऊ? तुला सगळ्या जगात एकच माणूस होता. दुसऱ्या कोणाचं नाव घेऊन काय उपयोग झाला असता?"

"नंतर सांगायचंत! सोळा वर्षं जिवंत होते ते! पन्नास पावलांवर!"

बाई खिडकीबाहेर बघायला लागल्या. "दर वर्षी ठरवायची. या नाताळला सांगते. मग तू यायचीस, केक आणायचीस, माझ्या अंथरुणाशेजारी झोपायचीस. सांगितलं असतं तर तू उठून त्याच्याकडे गेली असतीस. माझ्याकडे मग कोण आलं असतं?"

मी उठले. त्यांना मारीन की काय असं वाटलं मला, म्हातारीला. दारापर्यंत गेले तेव्हा त्यांनी हाक मारली.

"सुकृता. वाजलं ना पण?"

मी दाराच्या कडीला हात घातला.

"खरं सांग. त्या दिवशी वाजलं ना?"

"वाजलं," मी म्हटलं.

"मग," बाई म्हणाल्या, आणि चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

तीन महिन्यांनी त्या गेल्या. नव्या पाळकांचा फोन आला, बाईंना दुसरं कोण आहे, त्यांच्या आवडीचं काहीतरी तुम्हीच वाजवा. मी नाही म्हणणार होते. जिभेवर आलं होतं, मनगट दुखतंय. पण मी गेले.

देवळात आता इलेक्ट्रिक कीबोर्ड आहे, गीतं भिंतीवर पडद्यावर दिसतात. पियानो कोपऱ्यात, त्यावर प्लास्टिकच्या फुलांची कुंडी. ती मी खाली ठेवली. पेडल दाबलं तर आधी कुरकुरलं आणि ताठ होऊन वर आलं.

मी तो तुकडा वाजवला. अठ्ठावन्नाव्या वर्षी बोटं पळत नाहीत, चार तरी चुका झाल्या. डाव्या हातानं पहिल्यासारखं मारलं नाही. तो नुसता ठोठावत होता, सारखा ठोठावत होता, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मला उजवा हात ऐकू आला. आतून कडी लावून बसलेला. मला तो आवाज चांगला ओळखीचा होता. पुण्यातल्या त्या दुपारी मी तोच काढून बसले होते, तोंड मिटून.

शेवटचे दोन कॉर्ड वाजवले आणि पेडल धरून ठेवलं. स्प्रिंगनं आवाज बराच वेळ धरला. मंडळी गप्प बसली होती, नव्या पोरांना संपलं की नाही तेही कळलं नसेल. मी दाराकडे पाहिलं. उगाचच पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

मग मीच म्हटलं, "आ...मेन." बसका निघाला आवाज.

मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.